हत्तुशाचें दप्तर आणि चार वैदिक देवतांची साक्ष

(१)

तुर्कस्तानांतील बोगाझ्कॉय येथें मातीच्या पाट्यांवर मित्र, वरुण, इन्द्र आणि नासत्य ह्या देवतांचीं नांवें सांपडलीं, ही गोष्ट आपल्याकडील वाचकांस आतां नवीन राहिलेली नाहीं. इ. स. १९०७ सालीं ह्यूगो विंक्लर ह्या जर्मन पंडितानें ती प्रसिद्ध केली, आणि दोनच वर्षांनीं हेर्मान याकोबी ह्यानें तिच्या आधारें वेदांच्या प्राचीनत्वाचा प्रश्न पुन्हां उपस्थित केला. लोकमान्य टिळकांचा 'ओरायन' ग्रंथ १८९३ सालीं बाहेर पडला, त्याच सालीं ज्योतिषविषयक प्रमाणांवरून स्वतंत्रपणें तशाच अनुमानास येऊन पोहोंचलेला याकोबी तो हाच. तेव्हांपासून वेदकालाच्या चर्चेंत बोगाझ्कॉयचा उल्लेख येत नाहीं असा ग्रंथ विरळाच.

परंतु नांव जितकें प्रसिद्ध तितका मूळ लेख अपरिचित, अशी येथें स्थिति आहे. हित्ती लोक वैदिक देवतांचे उपासक होते. त्यांच्या राजधानींत इन्द्राचें देऊळ निघालें. सांपडलेली पाटी ही वेदमंत्रांची पाटी होय. अशीं विधानें व्याख्यानांतून व क्वचित् छापील लेखांतूनही आढळतात. ह्या तिहींपैकीं एकही खरें नाहीं. तीं चार नांवें एका राजकीय तहनाम्यांतील साक्षीदारांच्या यादींत आलेलीं आहेत, आणि तो तहनामा एका मोठ्या दप्तराचा भाग होता. तहनामा सोडून नांवांचा अर्थ लागत नाहीं व दप्तर सोडून तहनाम्याचा लागत नाहीं, हें दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आम्हीं हा प्रांत स्वतः फिरून पाहिला असल्यामुळें स्थलवर्णनही ओघानें येईल. तिकडे जाऊं इच्छिणाऱ्या अभ्यासकांस त्याचा उपयोग व्हावा.

(२) स्थळ

बोगाझ्कॉय म्हणजे 'खिंडीचें गांव'. सरकारदप्तरीं त्याचें आजचें नांव बोगाझ्काले, म्हणजे 'खिंडीचा किल्ला', असें आहे. हें गांव चोरुम प्रांतांत, अंकारा शहराच्या पूर्वेस सडकेनें सुमारें २०० किलोमीटरांवर येतें. अंकाऱ्याहून सुंगुर्लूपर्यंत हमरस्ता असून तेथून सुमारें ३० किलोमीटर आंत वळावें लागतें. प्रदेश उंच पठाराचा, समुद्रसपाटीपासून हजारएक मीटरांवर; हिवाळ्यांत बर्फ पडतें, म्हणून आपल्याकडील माणसानें वसंतांत किंवा शरदांत जाणें सोयीचें.

प्रांताचें मुख्य ठिकाण चोरुम हें शहर गांवापासून सुमारें ८० किलोमीटरांवर आहे. तेथील बाजारांत प्रथम वास येतो तो 'लेब्लेबी'चा. हे हरभरे एका दमांत भाजीत नाहींत. एकदां भाजून पोत्यांत मुरूं देतात, पुन्हां भाजतात, मग पाणी शिंपून ठेवतात व अखेरच्या भाजणींत टरफल सोडवितात. आपल्या भडभुंज्याच्या फुटाण्यांशीं ह्याचें साम्य कोणासही सहज दिसेल. तांबटांचें कामही येथें जुनें. भांड्यास कल्हई करण्याच्या कथलाला तुर्की भाषेंत 'कलाय' म्हणतात. तो शब्द व आपली 'कल्हई' हीं दोन्ही अरबी-फारशीच्या वाटेनें आलेलीं भावंडें होत. उत्तरेकडील कार्गी तालुक्यांत हातमागावरील कापड विणलें जातें.

धातुकामाची ह्या प्रांतांतील परंपरा किती मागें जाते हें पाहावयाचें असल्यास बोगाझ्कॉयपासून थोड्याच अंतरावर असलेल्या अलाजा ह्यॉयूक ह्या टेकाडाकडे जावें. तुर्की इतिहास मंडळानें १९३५ सालीं तेथें उत्खनन आरंभिलें. हित्ती काळाच्याही पूर्वींचीं, इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धांतील तेरा राजघराण्यांतील थडगीं तेथें निघालीं. त्यांत कांशाच्या जाळीदार चकत्या, हरिणांच्या व बैलांच्या मूर्ति आणि सोन्याच्या मुठीची एक लोखंडी कट्यार होती. हें लोखंड खाणींतील नसून उल्केचें आहे. ह्या वस्तु आज अंकाऱ्याच्या पुराणवस्तुसंग्रहालयांत आहेत.

आतां मूळ स्थळ. बोगाझ्कॉय गांवाच्या दक्षिणेस चढत गेलेल्या डोंगरउतारावर हित्ती साम्राज्याची राजधानी हत्तुशा वसली होती. तटाचा घेर सहा किलोमीटरांहून अधिक आहे. आंत फिरण्यास सडक असून ती प्रथम खालच्या मोठ्या देवळावरून जाते. देवळाभोंवतीं कोठारांच्या ओळी असून त्यांत जमिनींत पुरलेले प्रचंड रांजण अजून दिसतात. वर गेल्यावर सिंहद्वार, नंतर तटाच्या सर्वांत उंच ठिकाणीं असलेलें येर्कापी नामक स्थान, व पुढें राजद्वार लागतें. येर्कापीच्या खालून सुमारें ७० मीटर लांबीचें दगडी भुयार तटाबाहेर जातें. त्यांतून आजही चालत जातां येतें. पूर्वेकडील खडकावर ब्युयुक्काले, म्हणजे 'मोठा किल्ला', आहे. तोच राजवाडा, आणि दप्तराचा एक मोठा भाग तेथेंच होता. भिंतींचे पायेच काय ते उरले आहेत. वरची बांधणी कच्च्या विटांची असल्यामुळें गेली. ती कशी असेल ह्याची कल्पना यावी म्हणून २००३ ते २००५ ह्या काळांत तटाचा ६५ मीटर लांबीचा भाग जुन्याच पद्धतीनें पुन्हां बांधला आहे.

(३) दप्तर कसें हातीं आलें

ह्या भग्नावशेषांची पहिली माहिती शार्ल तेक्सिए ह्या फ्रेंच प्रवाशानें १८३४ सालीं दिली; परंतु ही कोणाची नगरी हें त्यास कळलें नव्हतें. १८९३-९४ सालीं एर्नेस्त शांत्र ह्यास कांहीं लिहिलेल्या पाट्या मिळाल्या. पुढें १९०६ सालीं विंक्लर व इस्तंबूलच्या वस्तुसंग्रहालयाचा अधिकारी थेओदोर मक्रिदी ह्या दोघांनीं उत्खनन सुरू केलें आणि १९१२ पर्यंतच्या हंगामांत सुमारें दहा हजार तुकडे बाहेर निघाले.

पहिल्याच हंगामांत एक आश्चर्यकारक पाटी सांपडली. मिसरचा राजा दुसरा रामसेस आणि हित्ती राजा तिसरा हत्तुशिली ह्यांच्यामध्यें इ. स. पू. १२५९ च्या सुमारास झालेल्या तहाची ती अक्कदी भाषेंतील प्रत होती. ह्याच तहाची मिसरी भाषेंतील प्रत कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर कोरलेली विद्वानांस आधींपासून माहीत होती. एकाच कराराच्या दोन्ही पक्षांकडील प्रती सुमारें हजार मैलांच्या अंतरावर अशा मिळाल्या, आणि ही उद्ध्वस्त नगरी हित्ती राजधानीच होय हें निश्चित झालें. मूळ तह रुप्याच्या पत्र्यावर कोरला होता. तें रुपें गेलें. मातीची नक्कल राहिली. ती आज इस्तंबूलच्या संग्रहालयांत आहे.

येथें एक खेदाची गोष्ट नमूद केली पाहिजे. त्या पहिल्या उत्खननांत पाट्या वाचण्याची घाई फार होती आणि त्या कोठून निघतात ह्याची टिपणें फारशीं ठेवलीं गेलीं नाहींत. मजूर टोपल्या भरून आणीत व पंडित वाचीत बसे. कोणती पाटी कोणत्या खोलींत, कोणत्या थरांत, कोणत्या पाटीच्या शेजारीं होती, हें त्यामुळें हजारों तुकड्यांच्या बाबतींत कायमचें हरपलें. १९३१ पासून कुर्ट बिटेल ह्यानें जें उत्खनन पुन्हां आरंभिलें त्यांत मात्र जागेची नोंद काटेकोरपणें होऊं लागली. आज एकंदर तुकड्यांची संख्या तीस हजारांवर गेली आहे, आणि पूर्वींच्या एका तुकड्याचा दुसरा भाग नव्या खणतींत मिळून दोन्ही जुळल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. अभ्यासासाठीं बर्लिनला नेलेल्या पाट्यांपैकीं सुमारें ७,४०० पाट्या १९८७ सालीं तुर्कस्तानास परत मिळाल्या. हें स्थळ १९८६ सालीं जागतिक वारशाच्या यादींत आलें व पाट्यांचा संग्रह २००१ सालीं युनेस्कोच्या 'जगाची स्मृति' ह्या नोंदवहींत दाखल झाला.

(४) दप्तराची मांडणी

पाटी म्हणजे बारीक मळलेल्या मातीचा, हातांत किंवा मांडीवर धरतां येण्याजोगा फलक. माती ओली असतां बोरूसारख्या कांडीच्या टोंकानें दाबून अक्षरें उमटवीत. ही कीलाकार लिपि हित्तींनीं दक्षिणेकडून घेतली. मोठ्या पाटीवर दोन किंवा अधिक स्तंभ असत. पुढील बाजूचे स्तंभ डावीकडून उजवीकडे वाचावयाचे. नंतर पाटी खालच्या कडेवरून उलटावयाची, आणि मागील बाजूचे स्तंभ उजवीकडून डावीकडे घ्यावयाचे. कांहीं इमारती आगींत जळाल्या तेव्हां पाट्या त्यांत नाहींशा न होतां उलट भाजून अधिकच टणक झाल्या. लांकडाच्या पाट्यांवर लिहिणारे कारकून निराळे होते, असे उल्लेख लेखांतच आहेत; त्या लांकडी पाट्यांपैकीं एकही उरलेली नाहीं. तेव्हां आज आपणांपुढें आहे तें दप्तर तीस हजार तुकड्यांचें असूनही अपुरेंच होय.

पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांस सर्वांत कौतुक वाटेल तें ह्या पाट्यांच्या अखेरीच्या ओळींचें. आपल्या पोथीच्या शेवटीं जशी पुष्पिका असते तशीच येथें आहे. ग्रंथ कोणता, ही त्याची कितवी पाटी, ग्रंथ येथें संपला कीं संपावयाचा आहे, लिहिणारा कोण, तो कोणाचा मुलगा, आणि कोणाच्या देखरेखीखालीं त्यानें लिहिलें, इतक्या गोष्टी तींत येतात. मूळ पाटी झिजली होती म्हणून आपण ती नव्यानें उतरून काढली, असेंही एखादा लेखक सांगतो. 'समाप्त' किंवा 'असमाप्त' हा शब्द तर ठरलेलाच.

ह्याहून पुढची पायरी म्हणजे सूच्या. दप्तरांत काय काय आहे हें सांगणाऱ्या स्वतंत्र पाट्या सांपडल्या आहेत. एकेका ग्रंथाचें नांव, कर्ता, पाट्यांची संख्या व ग्रंथ पुरा कीं अपुरा, अशा क्रमानें त्यांत नोंदी आहेत. कांहीं ठिकाणीं पहिली पाटी शोधूनही मिळाली नाहीं, अशी टीप आहे. सव्वातीन हजार वर्षांपूर्वींच्या दफ्तरदारानें संग्रहाची झडती घेऊन गहाळ पाटी गहाळ म्हणून लिहून ठेवावी, ह्यांत त्याची जी प्रामाणिक वृत्ति दिसते ती कोणत्याही काळच्या संग्राहकास अनुकरणीय आहे.

दप्तरांत भाषाही अनेक. हित्ती, अक्कदी, सुमेरी, हत्ती, हुर्री, लुवी व पला ह्या सात भाषांतील मजकूर पूर्वींपासून माहीत आहे. २०२३ सालीं कलश्मा प्रदेशाच्या भाषेंतील एक पाठ मिळाल्याचें जाहीर झालें; ती भाषा तोंपर्यंत कोणासही ठाऊक नव्हती. ह्यांपैकीं हित्ती भाषा संस्कृताच्या दूरच्या कुळांतील आहे हें बेद्रिख ह्रोज्नी ह्या चेक पंडितानें १९१५ सालीं दाखवून दिलें. पाण्याला 'वातर्' (आपलें उदन्, उदक) आणि खाणें ह्या अर्थीं 'एद्' (आपला अद् धातु) असे शब्द पाहिले म्हणजे हें कूळ कोणाच्याही ध्यानांत येईल. तथापि हित्ती ही संस्कृताची मुलगी नव्हे व आईही नव्हे. फार पूर्वीं वेगळी झालेली ती एक शाखा आहे.

महत्त्वाचे तह धातूवरही कोरीत. त्यांपैकीं एकच आपल्या हातीं आला आहे. १९८६ सालीं येर्कापीजवळ तटाच्या आंतल्या बाजूस पुरलेला कांस्यपट निघाला. तो सुमारें ३५ सेंटिमीटर उंच, २३.५ सेंटिमीटर रुंद व वजनानें सुमारें ५ किलो असून त्यास सांखळी आहे. राजा चौथा तुधलिया आणि त्याचा चुलतभाऊ कुरुन्ता ह्यांच्यामधील तो करार. त्याच्या सात प्रती केल्याचें त्या लेखांतच सांगितलें आहे. एक प्रत स्वतः कुरुन्तानें आपल्या घरीं ठेवावयाची होती व बाकीच्या निरनिराळ्या देवतांसमोर ठेविल्या होत्या. आपल्याकडील ताम्रपटांची ज्यांस ओळख आहे त्यांनीं अंकाऱ्यास हा पट अवश्य पाहावा.

(५) तो तहनामा

आतां मुख्य लेखाकडे वळूं. हित्ती राजा पहिला सुप्पिलुल्युमा आणि मितन्नीचा राजपुत्र शत्तिवाझा ह्यांच्यामध्यें इ. स. पू. चौदाव्या शतकांत हा तह झाला. जुन्या ग्रंथांत ह्या राजपुत्राचें नांव मत्तिवाझा असें छापलेलें आढळेल. तें पूर्वींचें वाचन होय. मितन्नीचें राज्य चोरुम प्रांतांत नव्हतें. तें तेथून पुष्कळ दूर आग्नेयेस, आजच्या उत्तर सीरियांत खाबूर नदीच्या वरच्या खोऱ्यांत व आसपास पसरलेलें होतें. शत्तिवाझाचा बाप तुश्रत्त ह्याचा खून झाला, राज्य दुसऱ्या शाखेनें बळकाविलें, आणि पळून आलेल्या शत्तिवाझास सुप्पिलुल्युमानें आश्रय दिला. आपली मुलगी देऊन व आपला एक पुत्र बरोबर धाडून त्यानें त्यास पुन्हां गादीवर बसविलें. त्या उपकाराचा मोबदला म्हणजे हा तह.

तह अक्कदी भाषेंत आहे, कारण त्या काळीं राजाराजांतील व्यवहाराची भाषा तीच. लेखाच्या दोन तऱ्हा मिळतात; एक सुप्पिलुल्युमाच्या तोंडची व दुसरी शत्तिवाझाच्या तोंडची. दोहोंत अखेरीस साक्षीला बोलाविलेल्या देवतांच्या याद्या आहेत. आधीं हित्ती बाजूच्या देवतांची लांबलचक यादी; तिच्यानंतर मितन्नीच्या देवतांची. मितन्नीच्या यादींतही आरंभाचा मान तेशुब ह्या हुर्री पर्जन्यदेवतेस आहे, आणि मित्र, वरुण, इन्द्र व नासत्य हे पुष्कळ नांवांनंतर येतात.

पाटीची एक प्रत अरिन्नाच्या सूर्यदेवतेसमोर ठेविली आहे, दुसरी मितन्नी देशांत कहत येथील तेशुबासमोर ठेविली आहे, आणि ती मितन्नीच्या राजापुढें व हुर्री लोकांपुढें वेळोवेळीं वाचून दाखवावी, असें तहांतच नमूद आहे. जो कोणी ती पाटी दडवील, फोडील किंवा तींतील शब्द बदलील त्यास देवतांचा शाप आहे. आपल्याकडील दानपत्रांतील शापवचनें, किंवा कोंकणांतील शिलाहारांच्या गधेगाळी, ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस ह्या कलमाचा हेतु समजावून सांगण्याची गरज नाहीं. कागद सुरक्षित राहिला तरच हक्क सुरक्षित राहतो, ही जाणीव सर्व देशांत सारखीच.

चार वैदिक देवता हित्ती राजधानींत कां सांपडतात, ह्याचें उत्तर आतां सरळ मिळतें. तहाची एक बाजू मितन्नीची होती, त्या बाजूच्या राजघराण्याच्या देवता साक्षीस घेणें भाग होतें, आणि तहाची हित्ती पक्षाकडील प्रत हित्ती दप्तरांत राहिली. हित्तींनीं त्यांची पूजा केल्याचा पुरावा ह्यांत कांहीं नाहीं.

(६) नांवांचा विचार

लेखांतील रूपें अशीं आहेत: मित्रश्शिल्, उरुवनश्शिल् (दुसऱ्या प्रतींत अरुनश्शिल्), इन्दर् (दुसऱ्या प्रतींत इन्दर), नशत्तियन्न. शेवटचे '-श्शिल्' व '-न्न' हे हुर्री भाषेचे प्रत्यय होत. कीलाकार लिपींत जोडाक्षर लिहिण्याची सोय नसल्यामुळें 'इन्द्र' हें 'इन्दर' असें फोडून लिहावें लागलें. मित्र, वरुण व नासत्य ह्या नांवांपूर्वीं 'देव' हें चिन्ह अनेकवचनी आहे व इन्द्रापूर्वीं एकवचनी. नासत्य म्हणजे अश्विनीकुमार, ते दोन. मित्र व वरुण हेही आपल्याकडे द्वंद्वांतच येतात. पॉल थीमे ह्यानें १९६० सालीं दाखविलें कीं ह्या चौघांचा असा क्रम ऋग्वेदांतही आढळतो. दहाव्या मंडलांतील वाक्सूक्ताच्या (१०.१२५) पहिल्या ऋचेंत मित्रावरुण, मग इन्द्र व अग्नि, मग अश्विनौ येतात, तहांत फक्त अग्नि नाहीं. मित्र हा तर कराराचाच देव. तेव्हां लिहिणाऱ्यानें चार नांवें कोठून तरी वेंचून आणलेलीं नाहींत. वचनाचें रक्षण करणाऱ्या देवतांचा तो एक ठरलेला गट होता, असें म्हणण्यास जागा आहे.

राजांचीं नांवेंही पाहण्यासारखीं आहेत. तुश्रत्त म्हणजे त्वेषरथ, अर्ततम म्हणजे ऋतधामन्, आणि शत्तिवाझा ह्यांत 'साति' व 'वाज' हे दोन शब्द (आपला वाजसाति), अशी व्युत्पत्ति मान्फ्रेड मायरहोफर प्रभृति पंडितांनीं सुचविली आहे. परंतु ह्याच शत्तिवाझाचें गादीवर येण्यापूर्वींचें नांव किलि-तेशुब हें शुद्ध हुर्री होतें. ह्यावरून त्या दरबाराची स्थिति कळते. प्रजा हुर्री, घरांतील बोली हुर्री, आणि गादीचें नांव तेवढें पूर्वजांच्या भाषेंतलें.

ह्याच दप्तरांतील दुसरा एक ग्रंथ ह्या बाबतींत तहनाम्याइतकाच मोलाचा आहे. मितन्नी देशाचा किक्कुली नांवाचा अश्वशिक्षक होता. रथाचे घोडे कसे तयार करावे ह्याविषयींचा त्याचा ग्रंथ चार पाट्यांवर हित्ती भाषेंत लिहिलेला आहे. घोड्याला मैदानांत किती फेरे द्यावे हें सांगतांना त्यांत ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पन्झवर्तन्न, शत्तवर्तन्न व नावर्तन्न असे शब्द येतात. म्हणजे एक, तीन, पांच, सात व नऊ वर्तनें. 'वर्तन' हा शब्द फेरा ह्या मूळ अर्थीं येथें आहे. पहिला शब्द निर्णायक समजला जातो. इराणी शाखेंत एक ह्या अर्थीं 'ऐव' असा शब्द आहे. 'क'कारान्त 'ऐक' हा हिंदी शाखेचाच. शिवाय तो आपल्या 'एक'च्याही आधींचें रूप दाखवितो, कारण त्यांतील जुना 'ऐ' अद्याप 'ए' झालेला नाहीं. पूर्वेकडे नुझी येथील पाट्यांत घोड्यांचे रंग सांगणारे बब्रुन्नु, परितन्नु व पिन्करन्नु हे शब्द मिळतात. त्यांत बभ्रु, पलित व पिङ्गल कोण ओळखणार नाहीं?

ह्यावरून सिद्ध काय होतें तें मोजून सांगितलें पाहिजे. इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या आधीं केव्हां तरी, वैदिक भाषेच्या अगदीं जवळची भाषा बोलणारा व त्याच देवतांस मानणारा एक लढवय्या वर्ग मितन्नीच्या राज्याच्या मुळाशीं होता, इतकें निश्चित. तहाच्या काळापर्यंत ती भाषा बोलण्यांतून जाऊन नांवांत, देवतांत व घोड्यांच्या परिभाषेंत उरली होती, हेंही बहुतांशीं मान्य आहे. परंतु ते लोक कोणत्या वाटेनें तेथें पोहोंचले हें पाटी सांगत नाहीं. हिंदुस्थानांत येण्यापूर्वींच एक शाखा पश्चिमेकडे वळली, असें आजच्या बहुतेक भाषाशास्त्रज्ञांचें मत आहे. ती हिंदुस्थानांतून परत गेली असें म्हणणारेही आहेत. दोन्ही पक्षांस आपला पुरावा अन्यत्र शोधावा लागतो. त्याचप्रमाणें ऋग्वेदाचें साल ह्या पाटीवरून काढतां येत नाहीं. देवतांचीं नांवें सूक्तरचनेच्या आधींही असूं शकतात व नंतरही.

(७) याझिलीकाया

नगरीच्या ईशान्येस सुमारें दोन किलोमीटरांवर याझिलीकाया, म्हणजे 'कोरींव खडक', नांवाचें स्थान आहे. प्रत्येक प्रवासी तें पाहतो, परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यास निराळें महत्त्व आहे. छप्पर नसलेल्या खडकाच्या दोन दालनांत हित्तींनीं आपलें देवमंडळ कोरून ठेविलें आहे. मोठ्या दालनांत डावीकडून देव व उजवीकडून देवी अशा साठांवर मूर्तींच्या दोन रांगा समोरासमोर येतात. मध्यभागीं तेशुब व त्याची पत्नी हेपत. तिच्या मागें चित्त्यावर उभा असलेला पुत्र शर्रुमा. देवांच्या रांगेंत शाउश्का व तिच्या दोघी दासी. लहान दालनांत हातांत वक्र तलवारी घेऊन धांवणारे बारा देव व शर्रुमाच्या मिठींत असलेला राजा तुधलिया आहे.

मूर्तींच्या बाजूस चित्रलिपींत त्यांचीं नांवें असून तीं हुर्री आहेत. तीं जितकीं वाचलीं गेलीं आहेत तितक्यांत आमच्या चौघांपैकीं एकही नाहीं. तह झाल्यावर सुमारें शंभर वर्षांनीं, राज्याच्या सर्वांत पवित्र स्थानीं, सर्व देवतांची मिरवणूक कोरतांना हित्तींनीं मित्र-वरुणांस किंवा इन्द्रास जागा दिली नाहीं, ही गोष्ट वर सांगितलेल्या निर्णयास पुष्टि देते. ज्यांस हित्ती लोक इन्द्रपूजक होते असें वाटतें त्यांनीं ह्या दालनांत तासभर उभें राहावें.

सायंकाळच्या तिरप्या उन्हांत रेषा चांगल्या उठतात. दुपारीं खडक सपाट दिसतो. गांवांतील लहान संग्रहालयही चुकवूं नये. येर्कापीवरील स्फिंक्सांच्या दोन मूर्ति तेथें ठेविल्या आहेत. त्या दुरुस्तीसाठीं बर्लिनला नेल्या होत्या. एक पूर्वींच इस्तंबूलला परतली व दुसरी २०११ सालीं जर्मनीनें परत केली. वेळ असल्यास चोरुमच्या आग्नेयेस ओर्ताकॉय गांवाजवळील शापिनुवाही पाहावें. १९९० पासून तेथें चाललेल्या उत्खननांत दुसरें एक मोठें हित्ती दप्तर निघालें आहे.

(८) संग्राहकांस त्यांतून काय घ्यावयाचें

चार देवतांचीं नांवें हा ह्या दप्तरांतील सर्वांत प्रसिद्ध भाग खरा; परंतु त्यांचा अर्थ लागला तो त्यांच्या आजूबाजूच्या मजकुरामुळें. देवनामांचा तेवढाच तुकडा फुटून सुटा हातीं आला असता, मितन्नीची यादी व हित्ती यादी ह्यांतील भेद कळला नसता, आणि हित्तींच्या वैदिक धर्माविषयीं मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले असते. तसें झालें नाहीं, कारण तहनाम्याचा बराच भाग दोन तऱ्हांनीं व एकाहून अधिक प्रतींत शिल्लक होता. उलट, विंक्लरच्या टोपल्यांतून आलेल्या अनेक तुकड्यांविषयीं आजही वाद चालतात, कारण मजकूर राहिला व जागा गेली.

आपल्याकडेही हेंच घडत आलें आहे. जुन्या वाड्यांतील दप्तर विकावयास निघतें. रुमाल सोडले जातात. मोर्तबाचे, सुंदर अक्षरांचे किंवा थोरामोठ्यांच्या नांवाचे कागद निवडून घेतले जातात आणि बाकीचे हिशेबाचे बंद रद्दींत जातात. निवडलेला कागद अस्सल असला तरी तो कोणत्या रुमालांत होता, त्याच्या मागें-पुढें काय होतें, हें एकदां हरपलें म्हणजे त्याची निम्मी साक्ष हरपते. पोथीचेंही तसेंच. चित्रांचीं पानें काढून घेऊन पुष्पिकेचें पान टाकून देणारा संग्राहक हत्तुशाच्या त्या अनामिक दफ्तरदारापुढें लज्जित झाला पाहिजे.

म्हणून कागद वा पोथी हातीं येतांच, वाचण्यापूर्वींच, कांहीं गोष्टी टिपून ठेवाव्या: ती कोणत्या गांवच्या कोणत्या घराण्याकडील, कोणत्या रुमालांत किंवा बासनांत, शेजारीं कोणते कागद होते, पानांची संख्या किती, आरंभ व शेवट पुरा आहे कीं नाहीं, आणि नसेल तर कोणतीं पानें नाहींत. ह्या टिपणास पावपृष्ठाहून अधिक जागा लागत नाहीं. पुढें त्या कागदाच्या अर्थाविषयीं मतभेद झाले तर निर्णय पुष्कळदां त्या टिपणावरूनच लागतो.